आम्हाला माहीत आहे

३ सप्टेंबर

मने,

फोन तू उचलत नाहीस. ठीक आहे, नको उचलूस. पत्र काही वाजत नाही, तेव्हा ते बंद करून ठेवायची सोय नाही. फाडलंस तरी फाडता फाडता एखादी ओळ नजरेखालून जाईलच, तेवढ्यावर माझी भिस्त.

आज मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून टिटवीचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्यापुढे सरकवला. वर्गशिक्षिका म्हणून सही माझीच लागते. सख्ख्या भाचीच्या दाखल्यावर सही करायची वेळ यावी! 'वर्तणूक' या रकान्यात काय लिहू, असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "लिहा नेहमीचं, 'चांगली'." मी 'अतिशय चांगली' लिहिलं. मावत नव्हतं, पण बसवलं.

बिऱ्हाड हलवून दिराच्या गावी राहायला गेलीस, हे मला तुमच्या घरमालकिणीकडून कळावं? ती बाई दारातच उभी राहून मला म्हणते कशी, "तुम्हाला माहीत नाही? तुम्ही तर बहीण ना!" मी हसले. काय करणार? आई गेल्यावर तुझे केस विंचरले मी, तुझ्या लग्नात तुझ्यापेक्षा जास्त रडले मी, आणि आता तुझा पत्ता मला एका परक्या बाईकडून हात पसरून घ्यावा लागला.

लोकांनी तुला काय काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक.

मी धडा कसा शिकवते ते तुला ऐकून ऐकून पाठ झालंय. आधी पुस्तकं मिटायची. फळ्यावर डावीकडे मी लिहिते, 'आम्हाला माहीत आहे'. मग पोरं बोलतात आणि मी लिहिते. मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं, चाळणी न लावता. हा माझा नियम. दीपगृहाच्या धड्याला अख्ख्या वर्गात एकानेही समुद्र बघितलेला नव्हता. मी विचारलं, लांबून दिसणारा उजेड कुणी पाहिलाय? मागच्या बाकावरचा ढोल्या म्हणाला, "बाई, लाइट गेली की आजी बॅटरी घेऊन संडासाच्या दारात उभी राहते. नाहीतर आजोबा स्वयंपाकघरात जातात." झालं की दीपगृह! वर्ग लोळून हसला, पण नंतर धडा असा वाचला पोरांनी, एक शब्द अडला नाही. गणिताचे सर म्हणतात, बाईंच्या वर्गात पुस्तक सोडून सगळं वाचतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी धडा होता 'डोळा'. टिटवी बोलली आणि मी सवयीने लिहिलं. 'माझ्या बाबांना संध्याकाळी कडेचं दिसत नाही, नळीतून बघितल्यासारखं दिसतं.' दुपारी त्याच वर्गात पालकसभा होती. फळा पुसायचा राहिला. घाईगडबडीत डस्टर सापडेना. शाळेची बस कोण चालवतं आणि टिटवी कुणाची मुलगी, हे तिथल्या एकूण एक पालकाला माहीत होतं. सभा पोरांच्या वाचनावर सुरू झाली आणि बसवर संपली. पुढचं तुला माहीतच आहे. बसच्या मालकांनी तुझ्या ड्रायव्हरसाहेबांना डोळे तपासायला पाठवलं आणि किल्ली काढून घेतली.

एवढंच घडलं. पोर बोलून गेली, त्यात तिचा काही दोष नाही. आणि तसं बघितलं तर फळा पुसायचा राहणं हा काही... जाऊ दे. मला वाईट वाटतंय, मने. खूप वाईट वाटतंय.

टिटवीची कंपासपेटी वर्गात राहिलीय. पाठवू का?

तुझी ताई


१५ सप्टेंबर

मने,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण रोज शाळेतून आले की टपालपेटीचं झाकण उघडून बघतेच. वरच्या मजल्यावरचे आजोबा विचारतात, "नोकरीचं पत्र यायचंय का?" या वयात मला कोण नोकरी देतंय!

आज भांडायला लिहीत नाहीये. टिटवीच्या नव्या शाळेतून फोन आला होता. दाखल्यावर आमच्या शाळेचा नंबर होता, तिथून तिच्या नव्या बाईंनी मला शोधलं. त्यांना वाटलं मी नुसती जुनी वर्गशिक्षिका. मी तिची मावशी आहे, हे मी सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

त्यांनी विचारलं, "या मुलीला वाचता येतं का हो?"

मने, मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुठल्या मुलीबद्दल विचारतायत.

त्या म्हणाल्या, कुठलाही उतारा द्या, खालच्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लिहिते, 'मला माहीत नाही.' तोंडी विचारलं तरी तेच. त्याही बिचाऱ्या चांगल्या आहेत, माझ्यासारखंच आधी मुलांना बोलतं करतात. परवा 'बसचा प्रवास' हा धडा होता. सगळी पोरं ओरडून ओरडून सांगत होती आणि टिटवी मान खाली घालून बसली होती. बाईंनी जवळ जाऊन विचारलं, "तू कधी बसमध्ये बसलीयेस का गं?" तर म्हणाली, "माहीत नाही."

ऐकलंस? बसमध्ये बसलेय की नाही, ते माहीत नाही! बसच्या चाकापाशी वाढलेली पोर ती. बोलायला लागली तेव्हापासून तोंडाला टाळा नाही, म्हणून तर आपण तिला टिटवी म्हणायला लागलो. शाळेत मला 'बाई' म्हणायचं असं बजावलं, तर महिनाभर 'बाईमावशी' म्हणत होती. आणि वाचन? ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची, "वळण आहे, बाबा. गतिरोधक आहे, बाबा." ती वाचू शकत नाही म्हणे!

येत्या चाचणीतही असंच झालं तर तिला खालच्या वर्गात बसवणार आहेत. मी त्यांना शंभरदा सांगितलं, तिला येतं, सगळं येतं, तुम्ही थोडं थांबा. त्या म्हणाल्या, "येत असेल हो. पण कागदावर काही उतरायला नको का?" खरंच आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

तू तिला रागावू नकोस. तिला वाटत असणार की माहीत असलेलं बोललं की घरावर काहीतरी येऊन पडतं. तिचा तरी काय दोष, तसंच झालंय ना? आणि ते झालं माझ्यामुळे. मागच्या पत्रात 'फळा पुसायचा राहिला' असं लिहून मी मोकळी झाले, पण तेवढं नाहीये.

त्या दिवशी साधा तास नव्हता. बाहेरच्या शाळांतून शिक्षक आले होते माझी शिकवण्याची पद्धत बघायला. मागे भिंतीला लागून खुर्च्या टाकून ओळीने बसले होते. मला शेखी मिरवायची होती. टिटवी बोलायला लागली की वर्ग डोक्यावर घेते हे मला माहीत होतं, म्हणून मी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं. ती बोलली, मी झोकात लिहिलं, मागून वह्या-पेनांची सळसळ ऐकू आली आणि मी हुरळून गेले. वाक्य काय आहे हे बघायचं भानच राहिलं नाही. तास संपल्यावर टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी फळ्याचे फोटो काढले.

टाळ्यांसाठी केलं, मने. झालं तुझं समाधान? मला पोटभर शिव्या दे, पण टिटवीला बोलतं कर. चाचणी पुढच्या महिन्यात आहे.

ताई

कंपासपेटी पाठवलीय. टोकदार कर्कटक काढून घेतलंय, टपालात कुणाला टोचायला नको.


२८ सप्टेंबर

मने,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. एकच ओळ. 'डोळ्याचा धडा पुढच्या सत्रातला आहे, तू आत्ताच का घेतलास?'

म्हणजे तू टिटवीचं पुस्तक काढून अनुक्रमणिका बघितलीस. लहानपणापासून तू अशीच. बाकी सगळे आरडाओरडा करायचे आणि तू कोपऱ्यातून नेमका तोच एक प्रश्न विचारायचीस, ज्याचं उत्तर कुणाला द्यायचं नसायचं. कार्ड उशीखाली ठेवलंय आणि दर थोड्या वेळाने उगाच बाहेर काढतेय, जणू ती ओळ बदलणार आहे.

दोन पत्रं लिहिली, दोन्हींत सगळंच खोटं नाही. पण टाळ्यांचं जे लिहिलं ना, ते मोठं पाप झाकायला लहान पाप पुढे केलं. पोरं असंच करतात. वही हरवलेली असते आणि सांगतात गृहपाठ राहिला.

मला माहीत होतं, मने. उन्हाळ्यापासून माहीत होतं.

त्या रविवारी तुमच्याकडे जेवायला आले होते, आठवतं? ड्रायव्हरसाहेबांनी मोठ्या थाटात जग उचलला, "ताईंना पाणी मी वाढणार," म्हणाले आणि ग्लास सोडून शेजारी टेबलावर धार धरली. मी हसणार होते. पण तुमच्यापैकी कुणीच हसलं नाही. तू मुकाट्याने टेबल पुसलंस. फडकं तुझ्या हातात आधीपासूनच होतं. निघताना अंधारून आलं होतं. मला सोडायला ते खाली आले, तर टिटवी त्यांचा हात धरून पुढे, हळू आवाजात, "पायरी, बाबा. पायरी. आता सपाट." एखाद्या म्हाताऱ्याला उतरवावं तशी ती उतरवत होती. आणि मग मला तिच्या पाट्या वाचण्याचा अर्थ लागला. वळण आहे, बाबा. गतिरोधक आहे, बाबा. मी सगळ्या शिक्षकांना कौतुकाने सांगत फिरायचे, माझी भाची बघा, बसमध्येही वाचनाचा सराव करते! कसला सराव? ते लेकरू त्यांच्यासाठी बघत होतं.

तिला त्या सीटवर कोण बसवायचं, ते मी विचारत नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळची बस फाटकातून बाहेर पडली की वळणापर्यंत मी तिच्याकडे बघत राहायचे. बसभर पोरं आणि सगळ्यांच्या वर एक माझी. तरी मी गप्प बसले. आज सांगते, उद्या सांगते, करत डोळ्यांवर कातडं ओढून बसले. टिटवीला नृत्याच्या शिकवणीला घालावं म्हणाले होते, तेव्हा तू म्हणाली होतीस, "ताई, माझ्या संसारात नाक खुपसू नकोस." ते मला इतकं लागलं होतं की पुन्हा तुझ्या तोंडून ते ऐकायची छाती नव्हती. तुम्ही तिघं सोडून माझं आहे कोण? मोठ्या बाईंना सांगितलं असतं तर चुगली झाली असती. तुला सांगितलं असतं तर तू तोडलं असतंस. त्यांना सांगायचं, तर तो माणूस मला आईसारखा मान देतो, त्याला कुठल्या तोंडाने सांगू की गाडी चालवू नकोस?

मग मला एक शहाणपण सुचलं. वाटलं, टिटवीच्या तोंडूनच येऊ दे. वर्गात सहज बोलून जाईल, मग मला 'कळेल', आणि मग मी तुझ्याकडे येऊन म्हणेन, अगं, पोर असं काही म्हणत होती, एकदा डोळे दाखवून घ्या ना. माझ्यावर काही येणार नाही. म्हणून धडा आधी घेतला. पाहुण्यांसाठी कुठला धडा घेणार, असं मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी लगेच म्हणाले, 'डोळा'.

टिटवी आधी म्हणाली, "मांजरीचे डोळे अंधारात चमकतात." मी लिहिलं. तिथे थांबता आलं असतं. मी विचारलं, "आणि माणसाला अंधारात कसं दिसतं? कुणाच्या घरी काही वेगळं होतं का गं?" आणि बघितलं फक्त तिच्याकडे. ती उभी राहिली. हळूच म्हणाली, "मावशी?" बाई नाही, मावशी. सांगू का, असं विचारत होती. तिला कळत होतं ते कुठे बोलायचं आणि कुठे नाही.

मी मान हलवली. सांग, म्हणून.

आणि तिने सांगितलं. मी ते लिहिलं. नियम माझाच ना, मूल बोलेल ते जसंच्या तसं.

डस्टर सापडेना, हेही खरं नाही. पालक आत येत होते तेव्हा डस्टर माझ्या हातात होतं. फळ्यावरून फिरवायला किती वेळ लागतो? माझ्या मनात आलं, वाचू देत. कुणीतरी वाचेल आणि जे व्हायचं ते होईल आणि मला एक शब्द बोलावा लागणार नाही. मी डस्टर टेबलावर ठेवलं आणि खुर्च्या लावायला लागले.

बस थांबली याचं मला वाईट वाटत नाही, हे तुला राग आला तरी लिहिते. ती थांबायलाच हवी होती. तुलाही ते माहीत आहे. पण थांबवायचं काम माझं होतं, फार तर तुझं होतं, आणि आपण दोघी जाणत्या बायकांनी ते एका लहान पोरीवर ढकललं. तू तिला बघायला बसवलंस आणि मी तिला बोलायला उभं केलं. छे, पुन्हा तुला माझ्या शेजारी ओढतेय. तुझं तू बघ. माझा वाटा मला पुरे आहे.

सोबतचा कागद टिटवीचा. तिला वाचून दाखव. मी म्हणून नको, तिच्या चाचणीसाठी दाखव.

ताई


(टिटवीसाठी)

टिटवे,

तुझी कंपासपेटी पोचली का? कर्कटक माझ्याकडे आहे.

आता नीट ऐक. तू त्या दिवशी फळ्याजवळ बोललीस म्हणून बाबांची बस गेली, असं तुला वाटतंय ना? तसं नाहीये. बाबांना बरोबर दिसत नाही, हे मावशीला तू सांगायच्या आधीपासून माहीत होतं. तुमच्याकडे जेवायला आले होते तेव्हाच कळलं होतं. ते मी बाबांना किंवा आईला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. उलट, मला माहीत असलेलं तुझ्याकडून बोलवून घेतलं. शिक्षकांची ही वाईट खोड असते, उत्तर माहीत असलेलेच प्रश्न मुलांना विचारायचे. धड्यात ते चालतं. घरातल्या गोष्टीत चालत नाही. तू मला 'मावशी?' म्हणून विचारलंस, तेव्हा मी 'नको' म्हणायला हवं होतं.

तू खरं बोललीस आणि विचारून बोललीस. चूक मावशीची, सगळीच्या सगळी. माहीत असणं वाईट नसतं गं. नव्या बाई विचारतील ते सांगत जा. आणि घरातलं काही विचारलं तर 'सांगायचं नाही' असं बिनधास्त म्हण. तेही बरोबर उत्तर असतं.

बाईमावशी


९ ऑक्टोबर

प्रिय टिटवी,

तुझं पत्र आलं! टपालपेटीपाशी उभ्या उभ्याच वाचलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "लागली का नोकरी?" मी म्हटलं, "टिकली एकदाची!" ते हसले आणि मी रडले.

त्यात तुझ्या आईचीही चिठ्ठी आहे. ती लिहिते, 'वाचून दाखवायची वेळच आली नाही. हातातून हिसकावून घेतलं आणि कोपऱ्यात बसून स्वतःच वाचलं. दोनदा.' आणि खाली, 'चाचणीत सगळी उत्तरं लिहिली म्हणे. एकाच्या पुढे लिहिलं, सांगायचं नाही. बाई हसत होत्या.' सही तिने याही वेळी केलेली नाही. असू दे.

तू मला एकच प्रश्न विचारलायस. 'मावशी, तुला माहीत होतं तर तू बाबांना का नाही सांगितलंस?'

खरं उत्तर देते. मी घाबरले. तुझे बाबा चिडतील आणि तुझी आई माझ्याशी बोलणार नाही, याची भीती वाटली. मोठी माणसंही घाबरतात. आणि घाबरली की फार हुशारी करतात, आणि ती हुशारी कुणातरी लहानाच्या अंगावर येते. एवढंच उत्तर आहे. याहून चांगलं मला शोधूनही सापडलं नाही.

हे मला बाबांना समोर बसून सांगायचंय. मी कागदावर लिहायचं आणि कुणीतरी त्यांना वाचून दाखवायचं, हे आता पुरे झालं. रविवारी दुपारच्या गाडीने येतेय. आईला सांग, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस म्हणावं. तू लिहिलंयस तसे बाबा काकांच्या खोक्यांच्या कारखान्यात कामावर असतील, तर मी ते येईपर्यंत थांबेन. रागावले तर रागावू देत. त्यांचा हक्क आहे. आईने दार उघडलं नाही तर दाराबाहेर बसेन, माझी तयारी आहे.

कर्कटक आणतेच आहे.

आता माझा एक प्रश्न, आणि या वेळी उत्तर मला खरंच माहीत नाही. मी पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल. तुमच्या नव्या घराला पायऱ्या कुठे कुठे आहेत? तू खाली येऊन सांगशील?

तुझी मावशी